अकरा नंबरची बाटली

मी भांडखोर आहे असं सासरी म्हणतात, माहेरी म्हणतात, ऑफिसात तर तोंडावर म्हणतात. म्हणोत बापडे. ही खोड मला कुठे लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. रोह्याला, कंपनीच्या कॉलनीतल्या क्लबच्या हॉलमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत. तिथे लहान मुलांना अत्तर करायला शिकवायचं पाच दिवसांचं शिबिर होतं. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी चौथीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते.

शिबिर घेणाऱ्या बाई म्हणजे माझ्या बाबांच्या साहेबांची बायको. पुण्याच्या, गोऱ्या, बोलायला गोड. कामगारांच्या मुलांनाही घ्यायचं असं त्यांनीच ठरवलं होतं, हे कबूल करते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलणार नाहीये. आम्ही नदीपलीकडे अष्टमी गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. रोज सकाळी पूल ओलांडून मी कॉलनीत जायची. हॉलमध्ये लांबलचक टेबलावर होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या असतात तसल्या बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नंबर. माझा नंबर अकरा.

बाई शिकवायच्या मात्र झकास. चंदन, वाळा, मोगरा, केवडा, लवंग, संत्र्याची साल. टीपकागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकायचा, पट्टी हलवायची, नाक लांब ठेवून हुंगायचं. एक वास उडणारा, एक रेंगाळणारा आणि एक बसून राहणारा, असे तिन्ही असले तर अत्तर उभं राहतं, असं त्या सांगायच्या. पहिले दोन दिवस मी इतकी खुशीत होते की घरी येऊन मिठापासून साबणापर्यंत सगळं हुंगत सुटले.

आई तेव्हा घरी नव्हती. तिचं माहेर पेणजवळ खाडीच्या बाजूला. मामाचं मिठागर होतं, आणि पावसाच्या आत मीठ उचलायची घाई असल्यामुळे ती दर मे महिन्यात तिकडे हातभार लावायला जायची. एरवी मीही जायची. त्या वर्षी शिबिरासाठी मी बाबांजवळ राहिले.

बाबांना वास येत नाही हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आईबाबा हळू आवाजात बोलत होते तेव्हा मी ऐकलं होतं. बाबा त्या रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर. प्लान्टमध्ये कुठे काही गळायला लागलं, तर सगळ्यांत आधी माणसाच्या नाकाला कळायचं. आणि त्यांचं नाक दीड वर्षापासून बंद. आई म्हणायची कंपनीनंच खाल्लं, बाबा म्हणायचे मोठा ताप आला होता त्यात गेलं. खरं काय ते देवाला माहीत. साहेबांना कळलं तर प्लान्टमधून काढून गोदामात गोण्या रचायला घालतील, ही त्यांची धास्ती. शिफ्टमधला त्यांचा जोडीदार तेवढा सामील होता, तो दोघांच्या वाटचा वास घ्यायचा. हे धोक्याचं होतं, हे आज मलाही कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की ही गोष्ट कुणाला सांगायची नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, बाईंनी टाळ्या वाजवून जाहीर केलं, "शेवटच्या दिवशी संध्याकाळी आईबाबांना बोलवायचं. आणि एक गंमत! डोळे मिटून, पाच पट्ट्या हुंगून त्यांनी आपल्या मुलाचं अत्तर ओळखायचं. घरी आधी सांगायचं नाही हं. साहेबसुद्धा येणार आहेत."

सगळी पोरं नाचायला लागली. मला बाबांचं नाक आठवलं.

दांडी मारावी असं मनात आलं. पण त्याच संध्याकाळी बाबा शिफ्टवरून आले ते सांगतच, "साहेबांनी स्वतः बोलावलंय गो. मंगळवारी यायचंच म्हणाले. तू हुशार हायस म्हणं." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की दांडीचा विचार मी सोडून दिला. आई असती तर तिला पुढे केलं असतं. आता जायचं ते त्यांनीच, आणि साहेबांसमोर डोळे मिटून मोगरा की केवडा ते सांगायचं.

त्या रात्रीच्या जेवणाला भात करपला. मी बाहेर ओट्यावर होते, मला तिथवर वास आला. बाबा स्टोच्या शेजारीच ट्रान्झिस्टर उघडून बसले होते. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. "लक्षच नव्हतं," ते म्हणाले. पण मग मी आमटीला सुक्या मिरचीची फोडणी दिली तेव्हा ते खोकून खोकून बेजार झाले, डोळ्यांना धार लागली. मी कालथा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणजे दार सगळंच बंद नव्हतं. झोंबणारं काहीतरी आत पोचत होतं.

आता मिरचीचं अत्तर तर करता येत नाही. तरी मी मनात तोही बेत करून पाहिला, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही एसटीनं पेणला आईला भेटायला गेलो. आगरात ऊन असं की पांढऱ्या मिठाकडे डोळे उघडून बघवत नाही. मामाचं डोकं उन्हानं चढलं होतं. त्यानं कोनाड्यातून तीन पुड्या काढल्या. कापूर, ओव्याचं फूल आणि पिपरमिंटचे खडे. तिन्ही बशीत घेऊन बोटानं चोळायला लागला. तीन कोरडे पदार्थ, वर पाण्याचा थेंब नाही, आणि बघता बघता त्यांचं पाणी झालं. मी हरखून गेले. मामानं कपाळाला लावलं आणि गमतीत बशी बाबांच्या नाकाखाली धरली. बाबांची मान झटक्यात मागे गेली. त्यांनी नाक चोळलं, पुन्हा पुढे वाकले, स्वतःहून दुसऱ्यांदा हुंगलं.

"थंडगार लागतं रे," ते म्हणाले. आणि मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी त्यांच्याकडे बघत होते ते त्यांनी पाहिलं.

"मामा, या पुड्या मला दे," मी म्हटलं.

"तुला कशाला गो? डोकं दुखतंय?"

"व्हय," मी म्हटलं.

सोमवारी मी अकरा नंबरच्या बाटलीत चंदनाच्या तेलावर मामाचं पाणी ओतलं. बाई रांगेनं एकेक बाटली हुंगत आल्या. माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला.

"हे काय केलंस?"

"अत्तर."

"अगं, हे डोकेदुखीचं औषध झालं! अत्तर म्हणजे ज्यानं मन प्रसन्न होतं ते. हे कोणाला आवडेल? सांग बरं, कोणासाठी केलंस?"

सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "मला आवडतं."

पोरं हसली. बाईंनी माझी बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि दुसरी आणली. मोगरा आणि चंदन त्यांनी स्वतःच्या हातानं मोजून घातलं, वर अकरा नंबरची चिठ्ठी लावली. "आता बघ, किती छान," म्हणाल्या. छान होतंच. बाबांसाठी तिच्यात पाणी भरलं असतं तरी तेवढंच कळलं असतं. त्यांनी माझं बिघडवून ठेवलं होतं आणि वर माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. तो हात मी झिडकारला. त्याबद्दल सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितली, ती मी मागितली नाही. तासभर हॉलबाहेर उभी होते. खुशाल उभी होते.

पुड्यांमधलं निम्मं उरलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये गेले. बाईंचा मोगरा मोरीत ओतला, बाटली धुतली आणि घरून चोळून आणलेलं पाणी तिच्यात भरलं. चोरी केल्यासारखं वाटलं का? अजिबात नाही. बाटली माझी होती.

बाबा पहिल्या शिफ्टवरून येऊन, अंघोळ करून, लग्नाकार्याचा शर्ट घालून आले. साहेब पुढच्या खुर्चीत बसले होते. बाईंनी खेळ समजावून सांगितला आणि मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते अर्धवट उठून म्हणाले, "मला जरा सर्दी झालीय. ऱ्हाऊ द्या."

"अहो या हो, गंमत तर आहे," साहेब म्हणाले.

साहेब बोलावतात म्हटल्यावर काय करणार? बाबा टेबलाशी जाऊन बसले, डोळे मिटले. क्लबच्या शिपायानं पहिली पट्टी त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी विचार केल्यासारखी मान हलवली. दुसरी. पुन्हा तशीच मान. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता. तिसरीला काही नाही. चौथी पट्टी आली आणि त्यांची मान मागे गेली, मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं.

"ही," बाबा म्हणाले. "ही माझ्या पोरीची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बहुतेक सगळ्यांत जोरात. झालं, सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात बाईंनी ती पट्टी स्वतःच्या नाकाशी नेली.

"अरे! हे तर तेच औषध! मी काल काढून ठेवलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे बघून हसल्या. "हे काय, कोणीही ओळखेल! हे धरायचं नाही हं. हे अत्तरच नाही. हिची खरी बाटली कुठेय?"

"तीच खरी हाय," मी म्हटलं.

"हट्ट करू नकोस. ज्याचा वास कुणालाही नको वाटेल त्याला अत्तर म्हणत नाहीत."

"म्हणतात! मी म्हणते!" माझा आवाज चिरकला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई माझा दंड धरून मला बाजूला घ्यायला लागल्या आणि मी टेबलाची कड घट्ट पकडून ठेवली.

बाबांनी डोळे उघडले होते. ते उठून उभे राहिले.

"बाई, तिला सोडा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "मला वासच येत नाय. दीड वरीस झालं. मोगरा नाय, केवडा नाय, घरात भात करपला तरी कळत नाय. हिचं तेवढं माझ्यापर्यंत पोचलं. ते तिनं माझ्यासाठी केलंय. त्याला औषध म्हणू नका." मग साहेबांकडे वळले. "तुम्हाला आधीच सांगायला पायजे होतं, साहेब. उद्या काय ते करा."

साहेब चष्मा पुसत बसले. बाईंच्या हातून माझा दंड सुटला. मी टेबलावरून माझी बाटली उचलली आणि बाबांच्या मागून बाहेर पडले.

पुढच्या आठवड्यात त्यांना गोदामात घातलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी गोड शेवटाची वाट बघायला नको. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. पाठ कायमची धरली. साहेबांनी नियमानं केलं ते केलं, त्यात त्यांची चूक काढता येत नाही, तरी मी त्यांना माफ केलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी आम्ही पुलावरून अष्टमीला परतत होतो तेव्हा माझा सगळा राग बाबांवर होता. मी रडत रडत पुढे चालले होते. पुलाच्या मध्यावर थांबले आणि वळून ओरडले, "तू का सांगितलंस? तू ओळखलं व्हतंस ना! गप बसला असतास तर कुणाला काय कळलं नसतं. मग मी एवढं सगळं केलं ते कशाला?"

बाबा कठड्याला टेकले. खाली नदीला भरती लागली होती. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, उघडली आणि लांब श्वास घेऊन हुंगली.

"दीड वरीस मी भिऊन गप ऱ्हायलो," ते म्हणाले. "आन् तू एवढीशी, माझ्यासाठी सगळ्यांशी भांडत व्हतीस. मग मला लाज वाटली गो."