बद्द वाजणारं छत

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणीत सत्तावीस वर्षं काढलेल्या लॉर्ना ट्रेगेन्झाला एका चष्म्याने नापास केलं.

छताखाली पाऊल टाकण्याआधी ते पहारीने ठोकायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. खणखणीत वाजलं तर पुढे चल. बद्द वाजलं तर दगड सुटलाय, आधी तो पाड. दोनशे जणांना तिने हे शिकवलं आणि दोनशेच्या दोनशे धडधाकट घरी गेले. ही तिची कमाई.

मग कंपनीने नवं प्रशिक्षण आणलं. डोळ्यांवर जाड चष्मा, आत हुबेहूब खाण. शिकवणाऱ्यांनीही परीक्षा द्यायची, नाहीतर शिकवण्याचा परवाना गेला! लॉर्नाने चष्मा चढवला. समोर बोगदा, वर तडा गेलेलं छत. तड्याकडे बोट दाखवलं की झालं. पण बाईने सवयीने हातातली दांडी छताला लावली. आवाज नाही. पुन्हा लावली. नाही. ती तिथेच कान टवकारून उभी राहिली आणि वेळ संपली. गुण शून्य.

डब्याच्या खोलीत हशा पिकला.

"काय मावशी, चष्म्याचा नंबर वाढला?" तोंडात मांस भरलेली पेस्टी कोंबत खाणकामगार डॅरिल म्हणाला.

"तुझ्या टाळक्यावरचा दगड कोणी पाडला होता रे, मेल्या? गप गीळ."

ते चष्म्याचं प्रशिक्षण बनवणारा इंजिनिअर कॅलम समजूत घालायला आला. "तडा दिसत होता की, लॉर्ना."

"दिसणारा तडा कोणालाही कळतो. माणूस मरतो न दिसणाऱ्याने."

"पण यंत्रात दगडच नाही, तर वाजणार काय?"

"मग दगड आण!"

वरचे साहेब असल्या बाईला हट्टी म्हणतात. म्हणोत. छताखाली साहेब उभे राहत नाहीत.

फेरपरीक्षेला पंधरा दिवस होते. लॉर्ना कॅलमला खाली घेऊन गेली, हातात पहार दिली. "ठोक." खणखणीत. चार पावलं पुढे, छत तसंच गुळगुळीत. "ठोक." बद्द! पोराचा चेहरा उतरला. तिने त्याला मागे ओढलं, पहारीने दगड उचकटला. दाराएवढी लादी धाडकन खाली आली.

कॅलम दोन दिवस नवे आराखडे काढत बसला. मग प्रशिक्षणाच्या खोलीत लोखंडी चौकट उभी राहिली. तिच्यात खऱ्या दगडाच्या लाद्या टांगलेल्या, काही घट्ट, काही सैल. नव्या चष्म्यातून त्या लाद्या दिसत आणि त्यांच्याभोवती अंधार, धूळ, बोगदा. हातात खरी पहार. तडा एकही नाही.

लॉर्नाने ठोकलं. तिसरी लादी बद्द वाजली. "ही पाडा," म्हणून ती मागे सरली. पास! परवाना राहिला.

पुढचा नंबर डॅरिलचा. त्याने वर नजर टाकली, छत स्वच्छ दिसलं, बेटा चालू लागला. चष्म्यात अख्खं छत त्याच्यावर कोसळलं. किंचाळून तो खालीच बसला.

"मेलास," लॉर्ना म्हणाली आणि पहार त्याच्या हातात दिली. "ऊठ आता. पहिल्यापासून."