शेलूच्या मुठ्यांचा प्रकल्प

कर्जतच्या कॉलेजात जगदीश सर येताना दिसले की प्राध्यापक मंडळी जिन्याची दुसरी बाजू धरत. माणूस वाईट नव्हता. रसायनशास्त्र मन लावून शिकवायचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण प्राचार्यांनी संशोधन समिती त्यांच्या गळ्यात घातली आणि तेव्हापासून भेटेल त्याला ते एकच विचारू लागले, "अनुदानासाठी अर्ज करताय ना यंदा?"

त्यांचे वडील रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. मोहोपाड्याच्या त्या घरातून प्राध्यापक झालेले हे पहिलेच. अंगावर पडलेलं काम टाळायचं नाही, ही वडिलांची शिस्त त्यांच्यात मुरलेली. ते बैठका घेत, पडद्यावर योजनांची नावं दाखवत, मुदती सांगत. मंडळी समोसे खात आणि "बघू या सर" म्हणून उठत. अर्ज काही येत नसे.

अशाच एका बैठकीनंतर मनाली मागे थांबली. ती जवळच्या शेलू गावची, प्राणिशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर.

"सर, मुठ्यांवर अनुदान मिळेल का हो?"

"कशावर?"

"मुठे. भातखाचरातले खेकडे. आमच्याकडे इमारतींसाठी शेतात भराव पडतोय. पण शेजारी जिथं अजून भात लावतात, तिथंही मुठे दिसेनासे झालेत. का, ते कुणी बघितलेलंच नाही."

सर पुन्हा खुर्चीत बसले. आपण इतकी वर्षं पैसे कुठे मिळतात तेवढंच सांगत आलो. कुणाला काय शोधायचंय हे एकदाही विचारलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. थोडं ओशाळल्यासारखं झालं.

अडचण निघालीच. त्या योजनेत प्रमुख संशोधक कायम नोकरीतलाच लागे. प्राणिशास्त्र विभागात तशा एकट्या सुरेखा मॅडम. सरांनी त्यांना गाठलं.

"मी नाही त्या वाटेला जाणार," मॅडम म्हणाल्या. "मागच्या प्रकल्पात बिलावर दुकानदाराचा शिक्का नव्हता, तर पैसे माझ्या पगारातून कापले. चोरी केल्यासारखी उभी होते मी ऑफिसात. तेव्हा कोण आलं होतं सोबत?"

 सर तेव्हाही याच कॉलेजात होते.

"या वेळी हिशेब मी सांभाळतो," ते शेवटी म्हणाले.

"तोंडी नको. लिहून द्या."

सरांनी तिथंच बसून लिहून दिलं. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि अर्जावर सही केली.

मुलाखत ऑनलाइन होती, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. भरावाचा आणि मुठ्यांचा संबंध कशावरून लावता, असं तज्ज्ञांनी विचारलं. मॅडमनी लॅपटॉप सरळ मनालीकडे वळवला.

"हे तीच सांगेल. सही माझी आहे, प्रश्न तिचा."

"या कोण?" पडद्यावरून विचारणा झाली.

"आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवतात," मॅडम म्हणाल्या.

गेलं सगळं, असं सरांना वाटलं.  पण तज्ज्ञांमधल्या एक बाई म्हणाल्या, "सांगू द्या त्यांना."

मनाली आधी अडखळली, मग लागली बोलायला. मुठ्यांची बिळं बांधात असतात, भरावानं पाण्याची वाट अडली की शेजारच्या खाचराचाही बांध सुकत असावा, असा तिचा अंदाज होता. तोच तपासायचा होता.

प्रकल्प मंजूर झाला. मागितले त्याहून कमी पैसे मिळाले. मनालीला प्रकल्प सहायक म्हणून घेता आलं. दोघी चिखलात उतरल्या आणि सर दुकानादुकानांत उभे राहून "शिक्का मारा हो" म्हणू लागले.

दुसऱ्या पावसाळ्याआधीच त्यांच्या मोजणीतल्या एका खाचरात मुरूम येऊन पडला. मालक धाकलू कडेला उभा होता.

"इकलं गं बाय," तो मनालीला म्हणाला. "आता हितं काय मोजशील?"

दुसरं शेत निवडू या, असं मनालीचं म्हणणं. मॅडम नाही म्हणाल्या. "शेत गेलं, हेच अहवालात लिही."

तसंच लिहिलं गेलं. काम संपता संपता मनालीला पनवेलच्या कॉलेजात कायम जागा मिळाली. शिफारसपत्र सरांनीच दिलं होतं. तरी ती गेली तेव्हा त्यांना चुटपुट लागली. जिला हुरूप आला, तीच गेली.

यंदा प्राध्यापकांपैकी दोघांनी अर्ज करायचं ठरवलं.

"दोनच?" प्राचार्यांनी विचारलं.

"दोन आहेत," जगदीश सर म्हणाले.

बैठका त्यांनी बंद केल्यात. मधल्या सुट्टीत चहा घेऊन ते कुणाच्या तरी शेजारी बसतात. परवा इतिहासाचे दशरथ सर माथेरानच्या जुन्या हातरिक्षांविषयी सांगत होते. घंटा झाली तरी त्यांचं संपेना. जगदीश सर ऐकत बसले. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही.