दसऱ्याच्या हाराची तार

इंजिनं दुरुस्त करणाऱ्या श्रावणचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला, पाणी भरण्यात. सव्वासातला वर्षालीचा फोन आला तेव्हा तो जेमतेम न्याहारीला बसला होता. ताट तसंच सारून त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि समुद्रपूरच्या टोकाचं तिचं अंडी उबवणी केंद्र गाठलं.

वीज दुपारपर्यंत यायची नव्हती. जनरेटर सुरू व्हायचा आणि वीस सेकंदांत बंद पडायचा. आत नऊ हजार अंडी, उद्या त्यांतून पिल्लं निघायची. पंखे थांबले की आतली पिल्लं स्वतःच्याच उष्णतेनं मरतात.

"शंभर झालं, काका!" वर्षाली थर्मामीटरवरचा फॅरनहाइटचा आकडा पाहून ओरडली. "एकशेतीनले सारं खतम."

कंट्रोल पॅनलवर तेलाचा दाब कमी असल्याचा लाल दिवा लागला होता.

"तो दाबाचा सेन्सरच काढून टाका न," वर्षाली म्हणाली.

"अन् तेल खरंच चढत नसंल तं? इंजिन जाम होईन. मंग अंड्यांवर तू बसजो."

तेलाची पातळी ठीक होती. त्यानं स्वतःचा दाबमापक बसवला. दहा मिनिटं गेली. इंजिन सुरू केलं; काटा चारवर गेला, तरी इंजिन थांबलं. म्हणजे दाब होता, पॅनलला खोटी खबर मिळत होती.

"एकशेएक!"

त्यानं सेन्सरची वायर सोडली. इंजिन पुन्हा थांबलं. म्हणजे सेन्सर काढूनही भागलं नसतं. दोष वायरीतच होता.

पॅनलपासून तो बोटांनी वायर चाचपत निघाला. हात तापल्या सायलेन्सरला लागला. त्यानं मागे घेतला नाही. इंजिनाच्या कडेला बोट अडलं. लोखंडी बांधणीची तार वायरीवर आवळलेली होती. थरथरीनं तिनं वरचं रबर कापलं होतं, आणि इंजिन हललं की आतलं तांबं लोखंडाला टेकून पॅनलला दाब नसल्याची खबर जात होती.

"बाबाराव, हे कोनं बांधलं?"

चौकीदार बाबाराव खाली पाहू लागला. "दसऱ्याचा हार होता. सुटू नये म्हणून म्याच आवळला. फुलं काढली, तार राह्यली."

"एकशेदोन, काका!"

श्रावणनं तार कापली, वायरीचा खराब तुकडा बदलला, त्यावर नळी चढवली आणि सेन्सर जोडला. इंजिन सुरू झालं. वीस सेकंद झाले. मिनिट झालं. पंखे फिरू लागले.

तरी तो अर्धा तास तिथंच उभा राहिला. काम झालं म्हणायला इंजिन नुसतं सुरू होऊन भागत नाही.

दुसऱ्या दिवशी बहुतेक अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. त्या मजुरीत आधीची साठवण घालून श्रावणनं घरी स्वयंपाकाचा दगडी ओटा बसवला. गुडघ्यांनी बेजार झालेली त्याची बायको दीपमाला आता उभ्यानं पोळ्या लाटते.