आबांचं खाकरणं

आमच्या भिशीत सासूचे किस्से इतके निघतात की चिठ्ठी काढायची राहून जाते. एकीचा संपला की दुसरी तयारच! सासऱ्याचा किस्सा मात्र कुणी सांगत नाही. सांगणार कुठून? ज्या माणसासमोर उभं राहायचं नाही, ज्याच्याशी तोंड उघडून बोलायचं नाही, त्याचे किस्से जमतील कसे? माझ्याकडे आहेत. एक सोडला तर सगळे एकाच वर्षातले आणि सगळे संडासापाशी जमलेले. हसायचं तर खुशाल हसा. मी इतकी वर्षं ते लाजेपायी तोंडाबाहेर काढले नव्हते.

*

माझं सासर पहूरकडचं. शेती कापसाची, थोडी केळी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. शेतातून आले की ते अंगणाच्या दारात थांबायचे आणि एकदा मोठ्यानं खाकरायचे. ते ऐकलं की मी आणि माझी जाऊ पदर पुढे ओढून आतल्या खोलीत पळायचो. मग आबा घरात यायचे. लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी त्यांनी माझा चेहरा धड पाहिला नव्हता, आणि मी त्यांचा. मला त्यांचे फक्त पाय ओळखता यायचे.

एकदा काय झालं, सकाळपासून आबांचं खाकरणं थांबेचना. खाकरले की आम्ही पळायचो. कुणी आत येत नाही म्हणून पुन्हा चुलीपाशी यायचो, की परत खाकरणं! भाकरी करपली, दूध उतू गेलं. शेवटी जावेनं दाराच्या फटीतून पाहिलं. आबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते.

त्यांना सर्दी झाली होती.

*

पुढे कापसाची गाठोडी गाडीत चढवताना आबा घसरले आणि पाय मोडून बसले. मांडीपर्यंत प्लॅस्टर. गावात संडास नव्हता, सगळे शेताकडेच जायचे, आबांना ते आता शक्य नव्हतं. आम्ही गावी सणासुदीलाच जायचो, एरवी जळगावात भाड्यानं राहायचो, हे सरकारी कचेरीत कारकून होते. जावेनं लगेच निकाल दिला, "तुमच्या घरी सोय हाये ना, मंग तुमीच न्या." सासऱ्यांचा मान आमच्या घराला मिळाला तो असा, संडासामुळे!

आबांनी ती सोय पहिल्याच दिवशी पाहिली आणि मुलाला विचारलं, "सैपाकाच्या भितीले लागून? हे कोन्या शहान्यानं बांधलं?" मी भिंतीच्या अलीकडे पोळ्या लाटत होते. मलाही त्या दिवसापासून तिथे पोळ्या लाटवेनात.

*

प्लॅस्टरचा पाय घेऊन खाली बसता येईना. माझ्या लग्नात वडिलांनी दोन सागवानी खुर्च्या दिल्या होत्या. ह्यांनी एक सुताराकडे नेली, बसायच्या फळीला मधोमध भोक पाडून आणलं आणि खाली भांडं ठेवलं. एरवी त्या खुर्चीवर सतरंजीची घडी टाकलेली असायची.

आबांना भेटायला धरणगावहून माझे वडील आले. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर वडील नेमके त्याच खुर्चीत! आबांसमोर मला बोलता येईना, आणि बोलून तरी काय सांगणार? वडील हळूहळू खाली चालले होते. थोड्या वेळानं चुळबुळ करत म्हणाले, "सुमन, ही खुर्ची मधे बसलीय का गं?"

मी पाणी त्यांच्यापुढे ठेवलं. खाटेवरून आबा म्हणाले, "बसा हो व्याही, तुमचीच दिलेली हाये."

वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. खुर्ची दणकट निघाली म्हणून ते पुढे दहा जणांना सांगत होते.

*

सकाळी हे आबांना खुर्चीवर बसवून, पुन्हा खाटेवर आणून कचेरीत जायचे ते संध्याकाळी यायचे. प्रश्न मधल्या दिवसाचा होता. शेजारी कापडाचे व्यापारी होते, मारवाडी शेटजी. त्यांच्या घरातल्या भाभी स्वतः नाकापर्यंत घुंगट घेणाऱ्या, त्यामुळे त्यांना माझी अडचण न सांगता कळली. दुपारी शेटजी जेवायला घरी आले की त्या त्यांना आमच्याकडे पाठवू लागल्या. शेटजी अंगापिंडानं मजबूत आणि मनानं फार चांगले. आबांना अलगद उचलायचे.

पण माया जरा जास्तच होती. एका सकाळी नळावर गल्लीतल्या सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या आणि शेटजींनी भिंतीपलीकडून खणखणीत आवाजात विचारलं, "आबाजी, कल पेट साफ हुआ के नहीं?"

रांगेतल्या सगळ्या माना आमच्या दाराकडे वळल्या. भाभींनी घुंगट हनुवटीपर्यंत ओढला. मी रिकामी बादली घेऊन घरात आले. संध्याकाळी आबांनी ह्यांना सांगितलं, "शेटजीले म्हना, आता नका येऊ. मले जमते."

त्यांना काही जमत नव्हतं. त्यांनी दुसरा उपाय काढला होता. हे घराबाहेर पडले की आबा अन्नपाणी बंद करायचे. मी ताट उंबऱ्याच्या आत सरकवायची, ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "भूक नही." तांब्या जसा भरलेला, तसाच संध्याकाळी मी परत न्यायची. ह्यांना सांगायची हिंमत होईना, कारण सांगायचं म्हणजे कारणही सांगावं लागलं असतं. माझ्या घरात एक म्हातारा माणूस तहानेला बसून होता, आणि तो मला भिऊन बसला होता. मला फार लाज वाटायची.

*

प्लॅस्टर दाखवायला धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. आम्ही तिघंही निघालो. हे बरोबर होते, म्हणून त्या दिवशी आबा निर्धास्तपणे दोन कप चहा प्यायले. पारोळ्याच्या अलीकडे चहानं आपलं काम केलं. एसटीच्या मागच्या लांब सीटवर पाय पसरलेले आबा ह्यांच्या कानाशी लागले, हे कंडक्टरच्या कानाशी लागले. कंडक्टर तिकडचा, अहिराणी बोलणारा, मोठा मोकळा माणूस. त्यानं घंटी मारून गाडी थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यामा लाज कसानी? बठ्ठासले जानं पडस." म्हणजे, सगळ्यांनाच जावं लागतं.

मग दोघांनी आबांना धरून दारापाशी आणलं. तेवढ्यात कंडक्टरला आमच्या अब्रूची काळजी वाटली. तो मागे वळून ओरडला, "बठ्ठा उजवीकडे दखा रे! आबा डावीकडे उतरी ऱ्हायना!"

तोवर तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यानंतर अख्खी एसटी डावीकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी पाय ठीक असल्याचं सांगितलं, पण लघवी तपासून ते रागावले. पाणी प्या, नाहीतर पाय बरा होईल आणि किडनी जाईल, म्हणाले. पाणी का पीत नाही, असं त्यांनी दोनदा विचारलं. आबा वरच्या पंख्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "हट्टी आहेत हो." मी दाराशी पदर ओढून उभी होते. कारण ठाऊक असलेली त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

*

आता शेवटचा.

हे कचेरीच्या कामानं तीन दिवस बाहेरगावी गेले. जाताना शेटजींना सांगून जायचं ठरलं होतं, पण शेटजी माल आणायला सुरतेला गेलेले. घरात मी आणि आबा.

पहिल्याच दुपारी अंथरूण ओलं झालं. मी ताट घेऊन गेले तेव्हा कळलं. मला पाहताच आबांनी चादर ओढून तोंडावर घेतली, अगदी मी पदर घेते तशी. मी ताट खाली ठेवलं. दुसरं धोतर त्यांच्या हाताशी दिलं, पाठ करून उभी राहिले, मग अंथरूण बदललं. सगळं होईपर्यंत त्यांनी तोंडावरची चादर काढली नाही. बाहेर येऊन मी ते कपडे धुतले आणि धुता धुता रडले.

दुसऱ्या दिवशी तर आबांनी सकाळचा चहाही परत पाठवला. दुपारी मी खुर्ची ओढून त्यांच्या खाटेला लावली. पदर छातीपर्यंत खाली घेतला, इतका की मला माझी पावलं आणि खुर्चीचे पाय एवढंच दिसावं. तसाच हात पुढे केला. मग त्यांचा हात माझ्या हातावर आला. बसवलं, आणि दार लोटून बाहेर आले.

बाहेर आले खरी, पण आता आत जायचं कसं? ते हाक मारणार नाहीत. मी विचारणार तरी काय, शेटजींसारखं? दाराशी उभी राहिले. मग मी पदर सारखा केला आणि दारात थांबून एकदा मोठ्यानं खाकरले.

आत धोतराची सळसळ. आणि मग आतून आबा खाकरले.

तिसऱ्या दिवशी हे गावाहून आले तेव्हा आमचं तेच चाललं होतं. बाहेर मी, आत आबा. ह्यांनी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, आल्या पावली मेडिकलवर गेले. मी आबांना खाटेवर बसवते तोवर हे खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली घेऊन हजर. "दोघांनाही झालाय," म्हणाले, "दोन-दोन चमचे घ्या."

आबांनी बाटली हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि ह्यांना परत दिली.

"औषध राहू दे," म्हणाले आणि खाटेखालचा रिकामा तांब्या उचलून माझ्यापुढे धरला. "हा भरून आन वं."