साठाव्या पानावरचा ठिपका

आमच्या वाचनालयात पुस्तकांवर खुणा करायला सक्त मनाई आहे आणि खूण नसलेलं एकही पुस्तक तिथे सापडायचं नाही. पन्नाशी उलटली की वाचलेलं लक्षात राहत नाही. अर्धं पुस्तक झाल्यावर कळतं, अरेच्चा, हिचा नवरा तर मागच्या वर्षीच गेला होता! म्हणून प्रत्येक जण साठाव्या पानाच्या आकड्यापाशी आपली बारीकशी खूण ठेवतो. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण. माझा ठिपका. ग्रंथपालबाईंना सगळ्यांच्या खुणा पाठ. पुस्तक देण्याआधी त्या ते पान उघडतात नि म्हणतात, "हे झालंय तुमचं."

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वाचनालय, तिथेच त्यांची तीस वर्षं गेली. लग्न राहून गेलं, हे त्या बस चुकल्यासारखं सांगतात.

सात वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं होतं, "प्रेमाची कादंबरी द्या, पण नायिका विशीतली नको. विशीतली पोर दिसली की मला तिचा डबा भरून द्यावासा वाटतो."

बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की टेबलापाशी वाचत बसलेल्यांनी पेपर खाली केले. त्या दिवसापासून आमची शोधाशोध सुरू झाली. अशी पुस्तकं सहजी सापडत नाहीत. 'नायिका वय वर्षे एकसष्ट' असं कोण छापणार? मग बाईंनी स्वतःची रीत बसवली.

"पहिल्या दहा पानांत तिचे केस वाऱ्यावर उडाले, तर पुस्तक खाली. ती चष्मा शोधत असली, तर घ्यायचं. जिना चढताना मध्येच थांबली, तर डोळे मिटून घ्यायचं!"

"आणि नायक?"

"त्याला जावई असला म्हणजे झालं."

रद्दीच्या गठ्ठ्यांतून, मिटलेल्या वाचनालयांच्या खोक्यांतून, एकदा तर बागकामाच्या कपाटातून बाईंनी त्रेचाळीस पुस्तकं हुडकली. प्रत्येक पुस्तक आधी माझ्याकडे. साठाव्या पानावर पहिला ठिपका माझा. शेजारी कुणी नाही. घरात कुणी मला पहिलं ताट वाढलं नसेल, पण इथे पहिला मान माझा होता.

मग घड्याळवाले आले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. चौसष्टीचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आधी प्रवासाची पुस्तकं न्यायचे. एक दिवस मी नवं पुस्तक उघडलं, तर साठाव्या पानावर शाईचं इवलंसं अर्धवर्तुळ. बारीक निबाचं, रेखीव. आपण तापवून ठेवलेल्या पाण्यानं दुसरंच कुणी आंघोळ करून जावं, तसं झालं मला.

पुढच्या पुस्तकातही तेच. त्याच्या पुढच्यातही. एकदा मी गेले, तर घड्याळवाले टेबलापाशी बसून पुस्तकाबद्दल काहीतरी सांगत होते आणि बाई हसत होत्या. तेच, पेपर खाली करायला लावणारं हसू. ते माझं होतं!

घरी येऊन धुमसत होते. ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "काय झालं?"

"पुरुषमाणसाला कशाला हवीत असली पुस्तकं?"

"अगं, तू त्यांच्यानंतर वाच. पुस्तक काय शिळं होतं?"

होतं. पण एकतीस वर्षांच्या संसारात ह्यांना जे कळलं नाही, ते आता काय समजावणार!

त्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तीन दिवस वाचनालय कोण बघणार? "वहिनी, तुमच्याशिवाय कुणावर टाकू?" असं म्हणत त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मी फुलले. तेवढ्यात त्यांनी खणातलं एक पुस्तक काढून दाखवलं. "हे नवं आहे. घड्याळवाले येतील, त्यांना द्या. नक्की द्या हं."

पहिल्याच दिवशी ते आले. मी खुर्चीत ताठ बसले.

"बाई नाहीत?"

"ऑपरेशन झालं आज."

"डोळा कसा आहे? दुखत नाही ना? कधी येणार?"

"येतील की. पुस्तक हवंय काही?"

"नको. त्या आल्या की येतो."

माझ्याकडून पुस्तक घेण्याइतकीसुद्धा मी त्यांच्या हिशेबी नव्हते! खण मी उघडलाच नाही. संध्याकाळी पुस्तक पिशवीत घालून घरी आणलं नि दोन दिवसांत संपवलं. एकसष्ट वर्षांची बाई आणि शेजारचा पियानो दुरुस्त करणारा. शेवटी ती बाईच त्याला विचारते, "राहता का इथेच?" सुरेख पुस्तक. पण चोरून खाल्ल्यासारखं, चव कमी नि धाकधूक जास्त.

तिसऱ्या दिवशी भानावर आले. बाई विचारणारच, पुस्तक दिलं का? मग मी जे केलं ते लिहितानाही कानशिलं तापतात. पेन्सिलीनं साठाव्या पानावर एक अर्धवर्तुळ काढलं. शेजारी माझा ठिपका दिला. म्हणजे त्यांनी आधी वाचलं, मग मी. पुस्तक परत खणात. झालं!

चौथ्या दिवशी बाई काळा चष्मा लावून आल्या. पिशवी ठेवायच्या आधी खण उघडला. पुस्तक काढलं, साठावं पान डोळ्यांशी नेलं.

"वाचून परतही केलं त्यांनी?"

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

बाई खुर्चीत बसल्या. पुस्तक मांडीवर. "मी मुद्दाम हेच काढलं होतं त्यांच्यासाठी," त्या हळूच म्हणाल्या. "यात शेवटी ती विचारते ना... मला स्वतःला विचारायचं धाडस नाही, वहिनी. म्हटलं, वाचून काय म्हणतात ते बघू. त्यावरून कळेल. तर कळलं."

सात वर्षं मी या बाईबरोबर जिना चढताना थांबणारी नायिका शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि खरं सांगते, तेव्हाही आधी वाटला तो हेवाच. मला वाटत होतं माझं पोट पुस्तकासाठी दुखतंय. छे. हिच्या वाट्याला अजून पहिलं पान होतं आणि माझ्या घरी टीव्ही चालू होता.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. खुर्ची माझी, ठिपका माझा, हसू माझं. पण काळ्या चष्म्याखालून एक थेंब ओघळला आणि त्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नसतं.

"रडू नका, टाके दुखतील," मी म्हटलं. "पुस्तक मी दिलंच नाही त्यांना. अर्धवर्तुळ मी काढलंय. ते आले होते, पण पुस्तक विचारलंच नाही. डोळा दुखतो का विचारलं, कधी येणार विचारलं आणि 'त्या आल्या की येतो' म्हणाले."

बाईंनी पान पुन्हा डोळ्यांशी नेलं. "तरीच. ते शाईनं काढतात. मला वाटलं, डोळ्यामुळे फिकट दिसतंय." खोडरबर काढून त्यांनी अर्धवर्तुळ पुसलं. मग माझा ठिपकाही.

"अहो, तो तर खरा आहे! मी वाचलंय!"

"चोरून वाचलेलं धरत नाहीत. पुन्हा नंबर लावा."

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. "बारा वाजता थेंब घालायचे असतात, मला जमत नाही," एवढंच म्हणाल्या. मी बारापर्यंत थांबले आणि थेंब घातले.

पंधरा दिवसांनी पुस्तक माझ्याकडे आलं. "काय म्हणाले?" मी विचारलं. बाई नुसत्या हसल्या. पेपर खाली करायला लावणारं नव्हे, निराळंच. ते मला कधीच मिळालं नव्हतं.

घरी येऊन साठावं पान उघडलं. शाईचं अर्धवर्तुळ, आणि त्याला खेटून एक छोटी आडवी रेघ. तीस वर्षांत बाईंनी एकाही पुस्तकावर खूण केली नव्हती. म्हणायच्या, मला सगळं लक्षात राहतं.

माझा ठिपका मी एकसष्टाव्या पानावर दिला.