डिक्शनरीमास्तरांचा निरोप

आमच्या गावात डिक्शनरीमास्तरांना "बरं हाय का?" असं विचारायची कोणाची छाती नव्हती. कारण ते खरोखरच सांगत. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन निघालेल्या माणसाने सवयीने विचारलं, की मास्तर छत्री जमिनीत रोवून उभे राहत, थोडा विचार करत आणि म्हणत, "डावा गुडघा पायरी चढताना दुखते, उतरताना नाही. झोप लागली होती, पण पहाटे मोडली. कालचं वरण खारट झालं, ते मीच केलं होतं. आता याले बरं म्हणावं का नाही, तुम्हीच ठरवा." तोवर भारेवाल्याची मान मोडायला आलेली असे. मास्तर दिसले की लोक गल्ली बदलत. मास्तरांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बहुधा ते त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

कामरगावपासून कोसभरावर आमचं गाव. तेव्हा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. गावात नवीनच हायस्कूल निघालं होतं आणि मास्तर तिथे इंग्रजी शिकवायला आले होते. एकटेच होते. तेल्याच्या घराला लागून एक खोली, एक स्टोव्ह, दोन धोतरं आणि ती डिक्शनरी. तिचा पुठ्ठा केव्हाच गेला होता. मास्तरांनी पोतं शिवायच्या दाभणाने सुतळी घालून ती शिवली होती. वर्गात आले की आधी ती टेबलावर ठेवत, मग टोपी काढून तिच्याशेजारी ठेवत. आमच्या घरात देवाला एवढी निगुतीने जागा मिळत नसे.

त्यांची शिकवायची तऱ्हा निराळी. शब्दाचा अर्थ सांगून ते थांबत नसत. तो जन्मला कुठे, वाढला कसा, कोणाच्या संगतीला लागला, सगळं सांगत. सोयरीक जुळवताना मुलाची करतात तशी शब्दाची चौकशी. 'नाइस' या शब्दावर तर त्यांनी अख्खा तास घेतला होता. तो तास मी ऐकलेला नाही. माझी मोठी बहीण वच्छाताई तेव्हा त्यांच्या वर्गात होती, आणि तिने तो मला चुलीसमोर बसून भाकरी थापता थापता सांगितला. हा शब्द विलायतेत आला तेव्हा त्याचा अर्थ होता अडाणी, मूर्ख. पुढे शे-दोनशे वर्षांनी झाला नखरेल, चोखंदळ. मग झाला बारीक, नेमका. आणि आता कुठे झाला छान.

"आन् आता त्याले सुट्टीच नाई," ताई मास्तरांच्या आवाजात म्हणाली. "हवा नाइस, चहा नाइस, मानूस नाइस. राबून राबून बिचारा पातळ झाला. छान म्हणणारा माणूस काहीच सांगत नसते, पोरांनो. त्याले फक्त तिथून निघायचं असते."

गावात ताईला 'येडी' म्हणत. विहिरीवर घागर भरेपर्यंत ती जवळचा छापील कागद वाचत उभी राही, मग तो पुडीचा का असेना. त्या नावामुळेच तिने वर्गात उठून विचारलं होतं, "मास्तर, येड्याचा छान व्हाले त्या शब्दानं काय केलं?" मास्तर म्हणाले होते, "काही नाही केलं. लोक बोलत राहिले, तो टिकून राहिला." हे सांगताना ताईची भाकरी करपली आणि मायने तिला बोल लावला. तिच्या चेहऱ्यावर मात्र त्याचं काही नव्हतं.

मास्तरांचं एक वाक्य तिला पाठ होतं. अर्धा शब्द लिहिण्यापेक्षा कोरा कागद बरा. वहीत कोणी अर्धवट अर्थ लिहिला की ते तो खोडत नसत. शेजारी बारीक अक्षरात लिहीत, "बाकीचा कुठे आहे?"

ताई मॅट्रिकला बसली तेव्हा बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पास झाली तं मास्तरीनचं ट्रेनिंग. नापास झाली तं लगीन. मंग माह्यापाशी रडाचं नाई." बाबा वाईट नव्हते. मास्तरांच्या सांगण्यावरून गावाचं बोलणं खाऊन त्यांनी तिला दोन वर्षं जास्त शिकवलं होतं.

परीक्षा अकोल्याला होती. शेवटचा पेपर देऊन ती मोटारीने आली, तेव्हा मास्तर पिंपळाखाली उभे होते. मी ताईची वळकटी उतरवून घेत होतो. तिचा चेहरा असा फुललेला मी पुन्हा पाहिला नाही.

"मास्तर, तुमचा शब्द आला होता! पाच शब्दांचा अर्थ लिहाचा होता, त्यात नाइस. म्या पूर्ण लिहिला. अडान्यापासून थेट छानपर्यंत. दोन पानं!"

मास्तर हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि निबंध?"

"निबंधाले टाइमच नाई उरला. घंटी झाली." मग ती म्हणाली, "अर्धा लिहिण्यापरीस कोरा ठेवला."

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. ताई मात्र घरापर्यंत मला इंग्रजीतून काय काय लिहिलं ते सांगत होती.

निकालाच्या पेपरात तिचा नंबर नव्हता. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती, एकट्या इंग्रजीत गेली. त्या दिवशी संध्याकाळी मास्तर आमच्या ओसरीवर आले. बाबांनी पुढे केलेल्या खाटेवर ते बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "चूक पोरीची नाही. परीक्षेत काय लिहायचं नाही, ते मी शिकवलंच नाही. एक वर्ष द्या मला."

बाबा म्हणाले, "मास्तर, तुमच्या शब्दावर दोन सालं ठेवली पोरगी. आता म्या इंझोरीवाल्याइले लग्नाचा शब्द देला. तो कसा मोडू?"

मास्तर छत्री उचलून ओसरीवरून उतरले. शब्द मोडू नये, हे तर तेच सगळ्यांना सांगत आले होते.

आमच्याकडे लग्नात आहेर मांडवात ओरडून सांगायची रीत आहे. कोणाचं लुगडं, कोणाचं पितळेचं गंजपातेलं, सगळं गावासमोर. ताईच्या लग्नात ओरडणारा मधेच अडखळला. "मास्तरांकून... एक बुक!" मांडव हसला. नवरदेवाकडचा एक म्हातारा म्हणाला, "बुकात कालवन शिजते का बापा?" पुन्हा हसू झालं. मास्तर शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. ताईने मात्र ती सुतळीची डिक्शनरी लुगड्यांच्या ढिगात जाऊ दिली नाही, मांडीवरच ठेवली. हळदीचे डाग पडले तिच्यावर.

पुढच्या वर्षी मी मास्तरांच्या वर्गात गेलो. टेबलावर आता नुसती टोपी होती. मास्तर गाइडातून शिकवू लागले होते. कोणत्या प्रश्नाला किती ओळी, कोणता आधी, कोणता नंतर. एक दिवस धड्यात तो शब्द आला. मी कान टवकारले. मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नाइस म्हणजे छान. पुढे."

त्या 'पुढे'च्या जोरावर मी मॅट्रिक झालो. आमचा अख्खा वर्ग झाला. हेडमास्तरांनी मास्तरांना हार घातला, तर त्यांनी तो लगेच काढून शिपायाच्या हातात दिला. मला कचेरीत नोकरी लागली. ज्ञान ताईला मिळालं आणि पास मी झालो, हे मला तेव्हाही कळत होतं. आता जास्त बोचतं.

त्यानंतर मास्तर भेटले की एकच विचारत. "वच्छला कशी आहे?" मी म्हणायचो, "छान आहे." मास्तर थोडे थांबत, आणखी काही येईल म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत. मग मान हलवून निघून जात.

खरं तर सांगण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ होतं. दिवाळीला इंझोरीला गेलो होतो, तेव्हा ताईने मास्तरांसारखंच नेमकं सांगितलं होतं. "सासू बोलते, पन जेवू घातल्याबिगर बोलत नाई. हे गरम डोक्याचे हायेत, पन हात उचलत नाई. दुपारून धा मिन्टं भेटते, तवा एक पान वाचतो मी डिक्शनरीचं. पोरगी झाली तं तिले शिकवीन." आणि मला मोटारीत बसवताना म्हणाली, "मास्तरले सांगजो, ते सोताले दोष देऊन राह्यले असतीन. त्याइले सांग, तो पेपर उद्या पुन्हा आला तरी मी तसाच लिहीन. एक अक्षर बदलनार नाई. विसरजो नोको."

मी विसरलो नाही. त्यानंतर मास्तर मला निदान पाच-सहा वेळा भेटले. कधी मी घाईत होतो, कधी सोबत कोणी होतं, कधी वाटलं की एवढं मोठं बोलणं रस्त्यात कसं काढावं. दर वेळी 'छान आहे' म्हणालो आणि निघालो.

मास्तर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. ताप अंगावर काढला म्हणे. खोलीत स्टोव्ह, धोतरं, छत्री आणि गाइडांचा गठ्ठा सापडला. मी त्या दारात उभा राहून रडलो. तेलीणकाकू म्हणाली, "तुह्या बहिनीचं लय इचारत होते बापा."

ताईला सांगायला मीच इंझोरीला गेलो. ती जात्यापाशी बसली होती. ऐकून तिने पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "माहा निरोप देल्ला होता ना तू त्याइले?"

"हो," मी म्हणालो.

"मंग? काय म्हनले?"

"छान वाटलं म्हणाले."

ताईने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"मास्तर?" ती म्हणाली. "मास्तर छान म्हनले?"

तिने जात्याचा खुंटा धरला आणि दळू लागली.