इस्त्रीवालीचं ठिकाण

आमच्या लॉन्ड्रीतली इस्त्रीवाली रोज सगळ्यांच्या आधी हजर. हॉटेलांच्या चादरी अशा कडक करायची की मालकाला नावं ठेवायला जागा नाही. किल्लीही तिच्याकडेच. मी चिडवायचे, "काय मालकीणबाई!" ती नुसती हसायची.

एकदा मी लवकर आले, तर चादरींच्या गाठोड्यांमागे ही अंथरूण गुंडाळतेय.

"कधीपासून झोपतेस इथे?"

"मावशीनं घराबाहेर काढलं तेव्हापासून."

हिचा नवरा जहाजावर खलाशी. त्याला एचआयव्ही आहे, औषधं चालू आहेत. हिला लागण होऊ नये म्हणून दवाखान्यातून गोळी मिळते, ती रोज घ्यायची. लपवायचं सोडून या बाईनं मोठ्या कौतुकानं मावशीला सांगितलं, मी कशी काळजी घेते बघ! मावशी म्हणाली, "रोग नाही तर औषध कशाला?" आणि हिची ताटवाटी पिशवीत घालून दाराबाहेर ठेवली. जिनं लहानाची मोठी केली, तिनं! आम्ही दोघी एकाच डब्यात जेवतो, आणि मला कसलाच मागमूस लागला नाही.

"दवाखान्यात सांगितलंस?"

"वेडी आहेस का? घर नाही म्हटलं तर गोळ्या बंद करतील. नवरा सुट्टीवर येतोय, आता गोळ्या सुटल्या तर मी काय करू?"

"बंद करतील असं कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं?"

माझं डोकं सरकलं. तिला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. गोळ्या देणाऱ्या ताईंनी नेहमीसारखं विचारलं, "गोळी चुकली नाही ना? पत्ता तोच?" हिनं मान डोलावली.

"कसला तोच!" मी ओरडलेच. "ही लॉन्ड्रीत गाठोड्यांमागे झोपते!"

ताईंचा हात हवेतच राहिला. "अगं, गोळ्या कशाला बंद करू? अशा वेळेसाठी तर मागच्या गल्लीत आमची खोली आहे."

"मग मला कधी मिळेल?" इस्त्रीवालीनं घाबरत विचारलं.

ताईंनी खोलीची किल्ली पुढे केली. "आजच जा. ती कधीची रिकामी पडलीय गं."

इस्त्रीवाली मटकन खाली बसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, मला रडू येत होतं.

"एकदा तरी बोलायचंस," ताई म्हणाल्या.

इस्त्रीवालीनं मान वर केली. "झोपतेस कुठे, हे तुम्ही एकदा तरी विचारायचंत."